पुस्तक कुणाच्या नावे

ग्रंथालयाची तालिका कशी करावी, लेखकाचं आडनाव आधी घ्यावं की नाव, टोपणनावाने लिहिणाऱ्याला कुठे बसवावं, या प्रश्नांवर राणीच्या आज्ञेने नेमलेल्या आयोगापुढे देशातल्या नामवंत लेखकांच्या साक्षी झाल्या. हे इंग्लंडमध्ये १८४७ ते १८४९ या काळात घडलं. आयोग ब्रिटिश म्युझियमच्या सगळ्या कारभाराची चौकशी करायला बसला होता. अर्ल ऑफ एल्स्मिअर त्याचे अध्यक्ष होते. दगडी मूर्ती, वाळवलेली रोपं, नाणी, हस्तलिखितं असं सगळं तिथे होतं. पण वाद पेटला तो छापील पुस्तकांच्या तालिकेवरून. आणि त्या वादाच्या केंद्रस्थानी होते मायदेशात फाशीची शिक्षा झालेले एक इटालियन निर्वासित, अंतोनिओ पानिझ्झी.

आज जगातल्या बहुतेक ग्रंथालयांत पुस्तक ज्या पद्धतीने नोंदलं जातं, तिची मुळं या वादात आहेत. तालिकेचे नियम गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले, काही वेळा अगदी उलटेही फिरले. त्या प्रत्येक बदलामागचा प्रश्न मात्र या आयोगापुढेच स्पष्ट झाला होता: दारात आलेला वाचक नेमकं काय मागतो?

पानिझ्झींचा जन्म १७९७ चा, मोडेना संस्थानातल्या ब्रेशेल्लो गावचा. पार्मा विद्यापीठातून ते कायद्याचे पदवीधर झाले आणि मोडेनाच्या ड्यूकच्या जुलमी राजवटीविरुद्ध काम करणाऱ्या गुप्त मंडळींत ओढले गेले. धरपकड सुरू झाली तेव्हा, १८२२ मध्ये, ते निसटले. स्वित्झर्लंडमध्ये बसून त्यांनी रुबिएरा इथल्या राजकीय खटल्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या गैरहजेरीत खटला चालला, देहदंड ठोठावला गेला आणि त्यांच्या प्रतिमेला फाशी दिलं गेलं. त्या फाशीच्या खर्चाचं बिलही सरकारने त्यांना पाठवलं, असं सांगतात. १८२३ मध्ये ते इंग्लंडला पोचले तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि इंग्रजीही धड येत नव्हती. लिव्हरपूलला त्यांनी इटालियनच्या शिकवण्या केल्या. हेन्री ब्रूम या वजनदार राजकारण्याशी ओळख झाली, १८२८ मध्ये लंडन विद्यापीठात इटालियनचे प्राध्यापकपद मिळालं आणि १८३१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जादा सहायकाची जागा.

तिथल्या तालिकेची अवस्था बिकट होती. १८१३ ते १८१९ या काळात सात खंडांची छापील तालिका निघाली होती. तिच्या प्रती कोरी पानं घालून बांधल्या होत्या आणि त्या पानांवर नव्या पुस्तकांच्या नोंदी हाताने भरत गेले होते. वर्षं उलटली तशी हाताची भर वाढत गेली आणि नोंद कुठे करावी याला एकच असा नेम राहिला नाही. टॉमस हार्टवेल हॉर्न या धर्मोपदेशकांनी विषयवार तालिका करायला घेतली होती, तीही दहा वर्षांनी, १८३४ मध्ये, अर्धवट सोडून द्यावी लागली.

१८३६ मध्ये संसदेच्या समितीपुढे पानिझ्झींची साक्ष झाली. गरीब विद्यार्थ्याला ज्ञानाची भूक भागवण्याची जी साधनं मिळतील, ती देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाला मिळतात तितकीच असली पाहिजेत आणि सरकारने त्यासाठी सढळ हाताने खर्च केला पाहिजे, असं त्यांनी तिथे सांगितलं. तालिकेच्या इतिहासात मला हे सर्वात महत्त्वाचं विधान वाटतं. श्रीमंताच्या घरी स्वतःचं पुस्तकघर असतं, शोधून द्यायला माणूस असतो. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही त्याला तालिकेवरच विसंबावं लागतं. ती चुकली तर त्याच्यापुरतं ते पुस्तक अस्तित्वातच नाही.

पुढच्याच वर्षी ते छापील पुस्तकांच्या विभागाचे प्रमुख झाले. दान्तेचा अनुवाद करणारे हेन्री कॅरी या जागेसाठी ज्येष्ठ होते. त्यांना डावलून एका परक्याला नेमलं म्हणून बरीच ओरड झाली आणि ती पुढे कित्येक वर्षं शमली नाही. तेव्हा संग्रहात सुमारे २,३५,००० पुस्तकं होती. विश्वस्त मंडळाला नवी तालिका हवी होती, तीही छापील, आणि शक्य तितक्या लवकर.

पानिझ्झींनी आधी नियम करायला घेतले. त्यांच्या हाताखाली चार असामान्य माणसं होती. टॉमस वॉट्स यांना इतक्या भाषा येत की त्यांच्या टेबलावर कुठल्याही लिपीतलं पुस्तक निर्धास्त ठेवावं. जॉन विंटर जोन्स हे काटेकोर बुद्धीचे. पुढे पानिझ्झींच्या जागी तेच मुख्य ग्रंथपाल झाले. जॉन पॅरी होते. आणि एडवर्ड एडवर्ड्स होते, ज्यांनी तरुणपणी गवंडीकामाची उमेदवारी केली होती आणि जे इंग्लंडमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या १८५० च्या कायद्यासाठी झटणार होते. प्रत्येकाने आपापल्या मतीने स्वतंत्रपणे नियम लिहून काढायचे, मग पाचांनी बसून एकेक नियम ताडून पाहायचा, मतभेद मिटला नाही तर मत टाकायचं, अशी पद्धत ठरली. दिवसाचं काम आटोपल्यावर संध्याकाळी या बैठका चालत. १८३९ च्या जुलैत विश्वस्तांनी नियमांना मंजुरी दिली आणि १८४१ मध्ये ते छापून निघाले. त्यांची संख्या ९१.

वरवर पाहता हे नियम रुक्ष आहेत. नोंद लेखकाच्या आडनावाखाली करावी. राजे आणि संत यांची त्यांच्या नावाखाली. उमरावांची नोंद किताबाखाली न करता घराण्याच्या आडनावाखाली. लेखकाने टोपणनाव वापरलं असेल तर पुस्तक त्या टोपणनावाखालीच घालावं आणि खरं नाव कळलं तर ते शेजारी कंसात द्यावं. विद्वत्सभांची सारी प्रकाशनं 'अकादमी' या एकाच मथळ्याखाली आणून त्यांत देश आणि शहर अशी विभागणी करावी. नियतकालिकांचाही तसाच एक गठ्ठा. पुस्तकावर लेखकाचं नाव कुठेच नसेल तर शीर्षकात कुणा व्यक्तीचा उल्लेख आहे का ते पाहावं, नसेल तर स्थळाचा, तोही नसेल तर शीर्षकातलं पहिलं नाम घ्यावं.

यांतले काही नियम मुळातच अडचणीचे होते. निनावी पुस्तकाचा नियम वाचकाला आधी व्याकरण आणि मग नशीब यांच्या हवाली करत होता. 'अकादमी'च्या मथळ्याखाली साठलेल्या शेकडो पानांत हवी ती संस्था शोधणं हे दमवणारं काम होतं. पण या नियमांमागे एक विचार होता, आणि तो त्याआधी इतक्या ठामपणे कुणी मांडला नव्हता: एका लेखकाची सगळी पुस्तकं एका जागी आली पाहिजेत, एका ग्रंथाच्या सगळ्या आवृत्त्या आणि अनुवाद एका जागी आले पाहिजेत, आणि तरीही त्यांतली प्रत्येक आवृत्ती वेगळी ओळखू आली पाहिजे.

विश्वस्तांचं लक्ष छपाईकडे होतं. 'ए' अक्षराचा खंड १८४१ मध्ये छापून आला आणि गाडं तिथेच थांबलं. पानिझ्झींनी आधीच बजावलं होतं की सगळ्या संग्रहाच्या नोंदी होण्यापूर्वी एकही अक्षर छापू नये. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे. 'एस'च्या फडताळातलं एखादं निनावी पुस्तक तपासताना त्याचा लेखक 'ए'पासून सुरू होणाऱ्या आडनावाचा निघाला तर ती नोंद कुठे जाणार? 'ए' तर छापून बांधून झालेला. अशी पुस्तकं एकदोन नव्हती, रोज निघत होती. छापलेला पहिला खंड त्या मालिकेतला एकमेव खंड ठरला.

बाहेर मात्र कुजबुज वाढली. दहा वर्षं होत आली, पगारी माणसं बसली आहेत, आणि हाती एक अक्षर. वाचकांची दुसरीही तक्रार होती: पुस्तक मागताना चिठ्ठीवर त्याचा फडताळातला क्रमांक स्वतः तालिकेत शोधून लिहावा लागे. टॉमस कार्लाइल यांचा राग जुना होता. फ्रेंच राज्यक्रांतीवरचा त्यांचा इतिहास १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी म्युझियममधल्या क्रांतिकाळच्या हजारो पत्रकांचा उपयोग त्यांना हवा तसा करता आला नाही, बसायला वेगळी खोलीही मिळाली नाही, आणि त्याचा दोष ते पानिझ्झींना देत. १८४१ मध्ये लंडन लायब्ररी उभी राहिली ती कार्लाइल यांच्याच पुढाकाराने. तिथून पुस्तकं घरी नेता येत. आयोगापुढे त्यांनी सांगितलं की इतकी बारकाई कशाला हवी, अक्षरानुक्रमाची साधी यादी असली की वाचकाचं भागतं. अपुरी तालिकासुद्धा अजिबात नसलेल्या तालिकेपेक्षा बरी.

हे मत उडवून लावण्यासारखं नव्हतं. कार्लाइल यांच्यासारख्या व्यासंगी माणसाला आपल्याला कुठलं पुस्तक हवं ते ठाऊक असतं. त्याला फक्त जागा हवी असते.

जॉन पेन कॉलिअर यांनी तर प्रात्यक्षिकच केलं. शेक्सपिअरचे अभ्यासक म्हणून त्यांचा लौकिक होता आणि ते या आयोगाचे सचिवही होते. तालिकेची एक नोंद करायला किती वेळ लागणार, हे दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या घरच्या २५ पुस्तकांच्या नोंदी तासाभरात लिहून काढल्या. पानिझ्झींनी त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि विंटर जोन्स यांच्या हवाली केल्या.

जोन्स यांनी जो अहवाल दिला तो तालिकेच्या कामाचा मला माहीत असलेला सर्वोत्तम धडा आहे. त्यांनी चुका नुसत्या मोजल्या नाहीत, त्यांचे प्रकार लावले. कुठे संपादकाचं नाव गाळलं होतं, कुठे अनुवादकाचं, कुठे टीपाकाराचं. कुठे लेखकाचं आडनाव होतं पण नाव नव्हतं. आवृत्ती कितवी ते नव्हतं. पुस्तकावर लेखकाचं नाव स्पष्ट असताना नोंद अनुवादकाच्या नावाखाली केली होती. वर्णन असं होतं की वाचकाची ग्रंथाच्या स्वरूपाबद्दलच गैरसमजूत व्हावी. आणि हे सगळं कुणाच्या हातून? आयुष्य पुस्तकांत घालवलेल्या माणसाच्या हातून, त्याच्या स्वतःच्या कपाटातल्या, त्याने निवडलेल्या पुस्तकांबाबत, ज्यांत अवघड अशी निनावी पुस्तकं नव्हती. जोन्स यांचा निष्कर्ष होता की तालिकेत होऊ शकणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या २५ चिठ्ठ्यांत सापडतात. गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनीही आयोगापुढे काटेकोर नोंदींची बाजू घेतली. जुन्या गणितग्रंथांचा इतिहास लिहिताना त्यांना अर्धवट वर्णनांचा चांगलाच फटका बसला होता.

पानिझ्झींची स्वतःची मांडणी १८४८ मध्ये लॉर्ड एल्स्मिअर यांना लिहिलेल्या पत्रात आहे. तिचा आशय असा, की वाचकाला आपल्याला हवा असलेला ग्रंथ ठाऊक असू शकतो, पण त्याच्या सगळ्या आवृत्त्यांमधले भेद त्याला ठाऊक असतील असं धरून चालता येत नाही. ती माहिती तालिकेकडून मिळणं हा त्याचा हक्क आहे.

मराठी वाचकाला हा मुद्दा चटकन पटेल. एखादा विद्यार्थी ग्रंथालयात येऊन 'ज्ञानेश्वरी' मागतो. त्याला काय द्यायचं? ग्रंथ शके १२१२ चा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध करून सिद्ध केलेली प्रत ही एक परंपरा. राजवाड्यांनी जुन्या पोथीवरून १९०९ मध्ये छापलेला पाठ वेगळा. नंतरच्या सार्थ आवृत्त्या, गद्य रूपांतरं आणि इंग्रजी अनुवाद आणखी वेगळे. पारायणाला बसणाऱ्याला एक हवी असते, भाषेचा अभ्यास करणाऱ्याला दुसरी. कार्लाइल यांची साधी यादी 'ज्ञानेश्वरी' अशी एक ओळ देऊन मोकळी होईल, किंवा एकच ग्रंथ संपादकांच्या आणि अनुवादकांच्या नावांखाली दहा ठिकाणी विखरून टाकेल. दोन्ही प्रकारांत विद्यार्थी पहिल्यांदा हाती लागेल ती प्रत घेऊन जाईल आणि आणखी काही होतं हे त्याला कधी कळणारही नाही.

१८५० मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि त्यात पानिझ्झींची बाजू उचलून धरली गेली. तालिका हस्तलिखितच ठेवावी, छपाईची घाई करू नये, असं ठरलं. पद्धत साधी होती. प्रत्येक नोंद सुट्या चिठ्ठीवर, कार्बनच्या कागदाने एकदम चार प्रती निघतील अशी लिहायची आणि मोठ्या वह्यांत विरळ चिकटवायची, म्हणजे मध्ये नवी नोंद आली तर जुन्या उचलून पुन्हा लावता येतात. अडचण फक्त जागेची. पंचवीस वर्षांत या वह्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. वाचनकक्षात आणखी वह्या मावेनात तेव्हा, १८८१ मध्ये, छपाई पुन्हा सुरू झाली आणि १९०० मध्ये ती तडीस गेली. आता छापता आलं, कारण आता सगळ्या अक्षरांच्या नोंदी तयार होत्या. पानिझ्झी ते पाहायला नव्हते. १८६६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८७९ मध्ये वारले. त्यांच्या काळात वाढत गेलेला संग्रह आणि त्यांनीच आराखडा सुचवलेला, १८५७ मध्ये उघडलेला गोल वाचनकक्ष, एवढं मात्र मागे राहिलं.

नियम मग समुद्रापार गेले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत चार्ल्स जुएट यांनी १८५० च्या सुमारास पानिझ्झींच्याच नियमांवरून ३९ नियम बेतले. प्रत्येक नोंदीचा ठसा एकदाच ओतायचा आणि देशातल्या सगळ्या ग्रंथालयांनी तो वापरायचा, अशी त्यांची योजना होती. तंत्र साथ देईना, वरिष्ठांशी बिनसलं आणि १८५४ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांचं स्वप्न खरं झालं ते १९०१ मध्ये, लायब्ररी ऑफ काँग्रेसने छापील कार्डं विकायला काढली तेव्हा.

त्याआधी, १८७६ मध्ये, बॉस्टनच्या चार्ल्स कटर यांची संहिता आली होती. तिच्यात २०५ नियम होते. चौथ्या आवृत्तीपर्यंत ते ३६९ झाले. कटर यांनी प्रथमच नियमांच्या आधी उद्दिष्टं लिहिली: लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक माहीत असलेल्याला पुस्तक सापडावं, त्या लेखकाचं आणि त्या विषयाचं ग्रंथालयात काय काय आहे ते दिसावं, आणि निवड करायला मदत व्हावी. तालिकाकाराची सोय आणि वाचकाची सोय यांत टक्कर झाली तर वाचकाची सोय वरचढ, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पानिझ्झींनी जे साक्षीत आणि पत्रात मांडलं ते इथे नियमाच्या पुस्तकात आलं.

यानंतरची पन्नास वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत नियमांची संख्या वाढली आणि विचार मागे पडला. १९०८ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेच्या ग्रंथालय संघांनी मिळून १७४ नियमांची संहिता काढली. काही थोड्या नियमांवर एकमत झालं नाही तिथे दोघांचे पाठ वेगळे छापले. पुढे प्रत्येक नव्या अडचणीला एक नवा नियम जोडण्याची रीत पडली. १९४१ मध्ये अमेरिकेत जो सुधारित मसुदा निघाला तो इतका फुगला होता की अँड्र्यू ऑस्बर्न यांनी त्याच वर्षी लेख लिहून तालिकीकरण संकटात सापडल्याचा इशारा दिला. प्रत्येक शंकेला कायद्यासारखं कलम शोधणारी वृत्ती या कामाला मारून टाकेल, असा त्याचा रोख होता.

हा गुंता सोडवणारा माणूसही निर्वासितांच्याच वाटेने आला. सेमूर लुबेट्स्की आजच्या बेलारूसमध्ये १८९८ मध्ये जन्मले आणि १९२७ मध्ये अमेरिकेत गेले. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असताना त्यांच्यावर नियमांची तपासणी सोपवली गेली आणि १९५३ मध्ये त्यांचा अहवाल आला. एकेका नियमापुढे ते एकच प्रश्न ठेवत: हा नियम लागतो का? उदाहरणार्थ, मंडळ असेल तर नोंद त्याच्या नावाखाली आणि संस्था असेल तर गावाखाली, असा भेद तेव्हा होता. मंडळ कोणतं आणि संस्था कोणती हे ठरवण्यातच तालिकाकाराचा जीव जाई, आणि वाचकाला तर हा भेद ठाऊकच नसे. लुबेट्स्की यांनी अशा कलमांची जळमटं झाडली. वाचक ग्रंथ मागतो आणि आपण त्याच्या हाती पुस्तकाची एक प्रत ठेवतो, या दोहोंमधलं नातं दाखवणं हे तालिकेचं काम, हे त्यांनी पुन्हा मध्यभागी आणलं. पानिझ्झींची साक्ष शंभर वर्षांनी इतक्या बारकाईने वाचणारा माणूस हाच. ते १०४ वर्षं जगले.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ५३ देशांचे प्रतिनिधी होते. लुबेट्स्की यांच्या विचारांवर उभी असलेली तत्त्वं तिथे मान्य झाली आणि त्यांतलं एक आपल्या दृष्टीने मोलाचं होतं: लेखकाच्या नावात अनेक शब्द असतील तर त्यांतला कोणता पुढे घ्यायचा, हे त्या लेखकाच्या देशातल्या रूढीवरून ठरवावं.

याची गरज किती होती ते भारतीय नावांवरून दिसतं. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या तालिकांत भारतीय लेखक आडनावाखाली येत नसत, स्वतःच्या नावाखाली येत. १८९२ मध्ये ब्लुमहार्ट यांनी त्या संग्रहातल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांची तालिका प्रसिद्ध केली. बंगाली पुस्तकांचीही त्यांनी केली होती. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय तिथे 'ब'मध्ये भेटतात. या रीतीने हरि नारायण आपटे शोधायचे तर 'ह'मध्ये जायला हवं. दुसऱ्या टोकाला, पाश्चात्त्य आडनावाचा नियम सरसकट लावला तर दक्षिणेकडे घोटाळा होतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे त्यांचं स्वतःचं नाव. आडनाव नाहीच. शेवटचा शब्द घेणाऱ्या नियमाने त्यांचं नाव योगायोगाने बरोबर लागतं.

रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल असताना १९३४ मध्ये स्वतःची तालिका संहिता लिहिली. पुढे त्यांनी नियमांच्याही वर राहतील अशी सूत्रं बांधली. वाचक ज्या नावाखाली शोधायला जाईल अशी शक्यता आहे तेच नाव मथळ्याला घ्यावं, हे त्यांतलं एक. पुस्तकं छापण्याची आणि वाचण्याची तऱ्हा बदलली की नियमही बदलले पाहिजेत, हे दुसरं. लंडनला शिकून आलेल्या माणसाने तिथले नियम उचलून आणले नाहीत. ते नियम कशावर तपासायचे याची कसोटी तयार केली. यासाठी मला रंगनाथन यांचा फार अभिमान वाटतो.

पॅरिसच्या तत्त्वांवरून १९६७ मध्ये नवी अँग्लो-अमेरिकन संहिता झाली, तरी तिचेही दोन पाठ निघाले, एक ब्रिटिश आणि एक उत्तर अमेरिकी. आणि खरी अडचण पुढेच होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या खणांत लाखो जुनी कार्डं होती. नियम बदलला म्हणून ती सगळी नव्याने कोण लिहिणार? तेव्हा असा तोडगा काढला की नवे नियम फक्त नव्याने येणाऱ्या नावांना लावायचे; जुनी नावं जशी होती तशी. एकाच खणात दोन कायदे नांदू लागले. १९७८ मध्ये संहितेची दुसरी आवृत्ती आली तेव्हा हे आणखी चालवणं अशक्य झालं आणि २ जानेवारी १९८१ रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली कार्डांची तालिका गोठवली. त्यापुढचं सगळं संगणकावर.

या दुसऱ्या आवृत्तीत भारतीय नावांसाठी स्वतंत्र कलम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे लेखक त्यांच्या स्वतःच्या नावाखाली, त्यानंतरचे आडनावाखाली, आणि कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू नावांसाठी वेगळी सोय. संतांच्या बाबतीत हे चोख आहे. तुकाराम 'त'मध्येच सापडले पाहिजेत. पण शतकाच्या मध्यावर ओढलेली रेघ मराठीत नीट बसत नाही. बाळशास्त्री जांभेकर १८४६ मध्ये गेले आणि लोकहितवादींची शतपत्रं १८४८ मध्ये सुरू झाली. ही रेघ दोन पिढ्यांना लागून असलेल्या माणसांच्या मधून जाते, आणि जांभेकर तर आपल्याला जांभेकर म्हणूनच माहीत आहेत. पेशवाईपासून आडनावं रुळलेल्या समाजाला बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानच्या मापाने मोजलं की असं होतं. मराठीपुरती ही रेघ आणखी मागे न्यायला हवी होती, असं माझं मत आहे.

टोपणनावांचा प्रवास तर याहून लांबचा. विष्णू वामन शिरवाडकर यांनी 'विशाखा' १९४२ मध्ये कुसुमाग्रज म्हणून दिली आणि 'नटसम्राट' शिरवाडकर म्हणून. पानिझ्झींच्या नियमाने 'विशाखा' कुसुमाग्रजांच्या नावे गेली असती आणि खरं नाव कंसात आलं असतं. १९०८ च्या नियमाने खरं नाव कळलं की तेच घ्यायचं, म्हणजे कुसुमाग्रज 'श'मध्ये गेले असते; आणि त्यातही त्यांचं जन्मनाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन, तेव्हा खरं कोणतं याची चौकशी तालिकाकाराला करावी लागली असती. १९७८ च्या संहितेने आधी पाहायचं ते हे, की कोणतं नाव जास्त चाललं आहे. कवी आणि नाटककार दोघेही सारखेच मोठे असतील तर हा हिशेब कसा करायचा? १९८८ च्या सुधारणेत वाट निघाली: आजच्या काळातल्या लेखकाने ज्या नावाने जे पुस्तक दिलं ते त्या नावाखाली ठेवावं आणि दोन्ही नावांमध्ये एकमेकांकडे बोट दाखवणारी नोंद करावी. १८४१ चा नियम जवळजवळ परत आला, फक्त आता त्याला जोडणीची साथ मिळाली.

२०१० मध्ये त्या संहितेची जागा आणखी नव्या नियमांनी घेतली. तीनपेक्षा जास्त लेखक असले की फक्त पहिल्याचं नाव द्यायचं, बाकीच्यांची 'इत्यादी'त बोळवण करायची, ही जुनी रीत त्यांत सुटली. ती कार्डावरच्या जागेच्या टंचाईतून आली होती आणि संगणकावर तिचं कारण उरलं नव्हतं. ग्रंथ, त्याचा पाठ, त्याची आवृत्ती आणि हातातली प्रत अशा चार पायऱ्या या नियमांत आहेत. लॉर्ड एल्स्मिअर यांना लिहिलेल्या पत्रातला विचार तिथे आता मूळ चौकट झाला आहे.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंत ती वाढवली, तेव्हा असा कुठलाही संगणक नव्हता. आजही एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयातल्या संगणकावर 'कुसुमाग्रज' असं शोधलं की 'नटसम्राट' दिसतं किंवा दिसत नाही. 'शिरवाडकर' देवनागरीत लिहिलं आणि ग्रंथालयाने नोंद रोमन लिपीत केली असेल तर तेही दिसत नाही. यंत्राला ही दोन माणसं एक आहेत हे आपोआप कळत नाही. कुणीतरी बसून ती नावं एकमेकांशी जोडून ठेवावी लागतात, प्रत्येक लेखकासाठी वेगळी, आणि मराठीतल्या असंख्य टोपणनावांसाठी हे काम अजून व्हायचं आहे.